स्पार्क गॅपची झीज: हिशेब दीडशे मिलिग्रॅमचा, गेलं पावणेदोन ग्रॅम

भोसरीकर:
भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये कपॅसिटर बँक (वीज साठवून एका झटक्यात सोडणारा संच) आहे, ४० मायक्रोफॅरड, २० किलोव्होल्ट. ॲल्युमिनियमच्या नळ्या कॉइलच्या चुंबकीय झटक्याने आवळतो. स्विच म्हणजे साधा स्पार्क गॅप, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधली फट, ठिणगी पडली की करंट वाहतो; इलेक्ट्रोड पितळी. जुन्या बँकेवर वजन करून इलेक्ट्रोडची झीज काढली होती : कूलंबला (कूलंब म्हणजे चार्जचं माप) ९० मायक्रोग्रॅम. नव्या बँकेत शॉटला ०.८ कूलंब, २,००० शॉट, म्हणजे १४४ मिलिग्रॅम जायला हवे होते. सोन्या मारुती चौकातल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोललं, तर १.७ ग्रॅम गायब! (सराफाने आधी विचारलं, "हे कोणत्या देवाचं?") काटा बरोबर आहे, दोनदा तोललंय. चुकतंय कुठे?

कोथरूडचा ठिणगीवाला:
जुन्या बँकेत डॅम्पिंग रेझिस्टर (करंटचे झोके मारणारा) होता का? आणि आता दोन्ही इलेक्ट्रोड सारखेच झिजलेत का?

भोसरीकर:
हो, रेझिस्टर होता. तेव्हा एकच बाजू जास्त खायची. आता दोन्हीकडे सारखेच खड्डे.

कोथरूडचा ठिणगीवाला:
मग सापडलं. आता तो रेझिस्टर नाही आणि कॉइललाही रेझिस्टन्स नसल्यातच जमा, त्यामुळे करंट उलटसुलट झुलतोय. ०.८ हा कपॅसिटरमधला चार्ज झाला. इलेक्ट्रोडला करंटची दिशा कळत नाही, तो जाताना झिजतो तसा येतानाही. प्रत्येक झोक्याला (दिशा एकदा उलटली की एक झोका) व्होल्टेज आधीच्या ८० टक्के उरत असेल, तर एकूण चार्ज (१ + ०.८) भागिले (१ − ०.८), म्हणजे नऊपट. शॉटला ७.२ कूलंब. रोगोव्स्की कॉइल (तारेभोवती घालून करंट मोजायची) लावून स्कोपवर बघा, अंदाजावर जाऊ नका.

भोसरीकर:
बघितलं. ८० टक्केच निघाले. पण त्या हिशेबानेही १.३ ग्रॅमच होतात. उरलेले ०.४?

तांबट_आळी:
गॅपच्या भिंतीवर पितळेचे बारीक मणी चिकटलेत का बघा. पीक करंट वाढला की धातूची नुसती वाफ होत नाही, वितळून थेंब उडतात, तिथे कूलंबचा सरळ हिशेब मोडतो. त्यात पितळेतलं जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. कॉपर-टंगस्टन घ्या, टंगस्टनचा सांगाडा ३,४२२ अंशांपर्यंत टिकतो. महाग पडेल, पण दर महिन्याला लेथवाल्याकडे जाणं वाचेल. आणि गॅप उघडण्याआधी अर्थिंग रॉड (उरलेला चार्ज जमिनीत सोडणारा) लावता ना?

भोसरीकर:
लावतो, लावतो. मणी आहेत, मी काजळी समजून पुसत होतो.