मराठी पाटी आधी आखा, इंग्रजी तिच्याभोवती बसवा

शिरोरेघ, पुणे

सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्रातल्या दुकानदारांना मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली आणि नोव्हेंबर संपायच्या आत मुंबईत पालिकेची तपासणी सुरू झाली. त्या धांदलीत बनलेल्या पाट्या अजून लटकताहेत. कुठल्याही बाजारपेठेतून जाताना मान वर करून बघा. इंग्रजी नाव ऐसपैस बसलेलं असतं आणि वर उरलेल्या पट्टीत मराठी नाव आडवं ताणून नाहीतर चेपून कोंबलेलं असतं.

नियम थोडक्यात असा: दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानंही मराठी फलकाच्या सक्तीत आली. मराठी नाव देवनागरीत, सुरुवातीला हवं, आणि त्याच्या अक्षरांचा आकार दुसऱ्या कुठल्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही. पण तो आकार मोजायचा कुठून कुठपर्यंत? सगळा घोळ इथे आहे.

'मूर्ती' हा शब्द घ्या. एक फुटाच्या पट्टीत इंग्रजी कॅपिटल अक्षर फूटभर उंच बसतं, कारण त्याला वर-खाली काही लटकत नाही. त्याच पट्टीत 'मूर्ती' बसवला की वर वेलांटी आणि रफार, खाली दीर्घ उकार, आणि 'म'च्या वाट्याला उरतात सहा-साडेसहा इंच. संगणकावर दोन्ही चौकटी सारख्या दिसतात. रस्त्याच्या पलीकडून पाहिलं तर मराठी निम्मी.

माझं म्हणणं सरळ आहे. माप घ्यायचं ते शिरोरेघेपासून अक्षराच्या दांडीच्या टोकापर्यंत, आणि तेवढं अंग इंग्रजी कॅपिटलच्या उंचीइतकं ठेवायचं. म्हणजेच पाटीचा आराखडा मराठी नावापासून सुरू करायचा. मात्रा आणि उकार कुठवर जातात ते आखून झालं की उरलेल्या जागेत इंग्रजी. आज नेमकं उलटं होतंय.

शटरवाला, डोंबिवली

शिरोरेघ, तुमचं गणित मान्य, पण पाटी हवेत टांगत नाहीत. वर पहिल्या मजल्याची खिडकी, खाली शटरची पेटी, मध्ये जेमतेम अडीच फूट. त्यात मराठी नाव, इंग्रजी नाव आणि धंदा कसला त्याची एक ओळ. तुमच्या मापाने केलं तर इंग्रजीला जागाच उरत नाही. माझ्याकडे प्लंबर येतात, त्यातले बरेच उत्तर प्रदेश-बिहारचे, त्यांना देवनागरी चालते. पण गृहसंकुलांतले लोक नकाशावर दुकान शोधतात ते इंग्रजी नावाने, आणि तेच नाव समोर दिसलं नाही तर पुढे निघून जातात.

शिवाय खर्च. अ‍ॅक्रिलिकच्या उठावाच्या अक्षरांचा दर उंचीच्या इंचावर लागतो. मराठीचं अंग मोठं केलं की मात्रेसकट उंची जवळपास दुप्पट, आणि बिल मात्रेसकट उंचीचंच येतं. कायद्याने सांगितलं तेवढं मी केलंय. त्यापुढचं सौंदर्य माझ्या खिशातून का?

प्लॉटर, बार्शी

मी फ्लेक्स आणि रेडियमचं काम करतो. सगळा दोष डिझाइनवाल्यावर टाकू नका. गिऱ्हाईक संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्याच्या पाटीचा फोटो पाठवतं आणि सकाळी उद्घाटन असतं. त्यात देवाचा फोटो, दोन मोबाइल नंबर, 'आमची कुठेही शाखा नाही' आणि चार भागीदारांची नावं. मराठी आधी आखायला मला कोणी वेळ देत नाही.

दुसरं असं की देवनागरी आमच्या यंत्राला मुळातच जड जाते, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की पहिली वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षराचा पाय मोडतो. म्हणून टाइप केलेल्या अक्षरांचे चित्रासारखे आकार करून घ्यावे लागतात. आकार केले तरी प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. ते सगळे तुकडे संगणकावर एकमेकांत वेल्ड केले नाहीत, म्हणजे जोडून एकच आकार केला नाही, तर कटरचं पातं प्रत्येक सांध्यावरून फिरतं. मग शब्दाची एक सलग पट्टी निघायच्या ऐवजी शिरोरेघेचे बारीक चौकोन सुटे होतात आणि चिकटवताना, कापलेली अक्षरं उचलून पाटीवर नेणाऱ्या ट्रान्सफर टेपवरून गळून पडतात. इंग्रजीत अक्षरं वेगवेगळीच असतात, तिथे हा प्रश्नच नाही. एवढ्या कामाचे पैसे कोण देतं? इंग्रजी पाटी आणि मराठी पाटी, दर एकच.

शिरोरेघ, पुणे

प्लॉटर, तुम्ही सांगितलंत ते माझ्याच बाजूचं आहे. देवनागरीला जास्त मेहनत लागते, तर दरपत्रकात तिची वेगळी ओळ लिहा. गिऱ्हाईक अक्षरातल्या दिव्यांचे म्हणजे एलईडी मॉड्यूलचे, पाटीमागच्या एसीपी शीटचे, फ्रेमच्या लोखंडाचे पैसे वेगळे देतंच की. अक्षर आखण्याचे का देणार नाही? मागितलेच जात नाहीत म्हणून.

शटरवाले, तुमची अडीच फुटांची अडचण खरी आहे. पण तीन ओळींतली तिसरी कशाला हवी? दारात पाइप आणि नळ मांडलेले असताना 'सॅनिटरी, हार्डवेअर, पेंट्स' वर लिहायची गरज नाही. ती ओळ काचेवर किंवा बाजूच्या भिंतीवर जाऊ द्या. आणि नकाशावरून येणाऱ्याला इंग्रजी नाव सहा इंचांत वाचता येतं. तो मोबाइल हातात धरून दुकानासमोरच उभा असतो.

पत्र्यावरचा ब्रश, कोल्हापूर

तुम्ही दोघंही संगणकाच्या चौकटीत अडकलाय. ही अडचण यंत्राने आणली. पेंटर पाटी रंगवायचा तेव्हा पत्र्याला प्रायमर, त्यावर बॉडी कलर, मग दोरीला खडू लावून रेघा मारायचा. पहिली रेघ शिरोरेघेची. तिच्यावरून अक्षरं खाली सोडायची. वेलांटीला जागा कमी पडली तर ती शेजारच्या अक्षरावर झुकवायची, उकार आडवा घ्यायचा, रफार वेलांटीच्या पोटात बसवायचा. 'मूर्ती' पट्टीत बसत नाही असं कुठला पेंटर म्हणाला नाही, कारण अक्षर त्याच्या हातात होतं.

देवनागरीचा बोरू इंग्रजी निबच्या उलट्या तिरक्याने कापतात, म्हणून जाड-बारीक वेगळ्या जागी येतं. जाड कुठे आणि बारीक कुठे हे आमच्या हातात मुरलेलं असतं. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरं बघा, प्रत्येक नावाचा स्वभाव वेगळा. ते टाइप करून येत नाही. फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत उडतो. आधी पिवळा आणि गुलाबी जातो, मग उरतो तो निळसर काळपट माणूस. चांगल्या ऑइल पेंटची पाटी त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त टिकते आणि खराब झाली तर त्याच पत्र्यावर पुन्हा रंगवता येते.

टेम्पो ग्राफिक्स, चाकण

ब्रशदादा, हाताच्या अक्षराला माझा नमस्कार, पण कंपनीच्या चाळीस गाड्यांवर तेच नाव तसंच्या तसं हवं असतं तेव्हा काय कराल?

मूळ मुद्द्याला मात्र माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. शिरोरेघेपासून माप घ्यायचा नियम दुकानाच्या सपाट पाटीला ठीक. गाडीवर तो चालत नाही. व्हॅनच्या बाजूला सरकता दरवाजा असतो, त्याची फट, त्याची खाच, हँडल, डिझेलचं झाकण. इंग्रजी नावात दोन अक्षरांच्या मधल्या जागेतून फट जाऊ देता येते. मराठी शब्द शिरोरेघेने सलग बांधलेला, फट कुठेतरी त्याला कापणारच. ती 'क्ष' किंवा 'त्र'च्या पोटातून गेली तर लांबून भलतंच अक्षर वाचलं जातं. दार उघडलं की अर्धा शब्द उरलेल्या अर्ध्यावर चढतो तो वेगळाच.

म्हणून मी गाडीवर मराठी नाव दोन ओळींत तोडतो, किंवा सरळ शिरोरेघ काढून टाकतो. शिरोरेघ नसलेली जाड अक्षरं धावत्या गाडीवर जास्त चांगली वाचली जातात असा माझा अनुभव आहे. मात्रा खाली घेता येतात, अक्षराचं अंग आपोआप मोठं होतं. तुमचा उंचीचा सगळा प्रश्न तिथेच सुटतो.

शिरोरेघ, पुणे

शिरोरेघ काढायला माझा ठाम विरोध. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांच्यातला फरकच शिरोरेघ कुठे तुटते यावर आहे. ती काढली की वाचणारा अंदाजाने वाचतो. नाव ओळखीचं असेल तर चालून जातं, नवं असेल तर नाही. दोन शब्द कुठे सुटतात तेही कळत नाही.

फटीचं म्हणणं मान्य. पण त्यावर उपाय जागा निवडण्याचा आहे. गाडीचा बाजूचा फोटो नाही, प्रत्यक्ष गाडीवर टेप लावून फटी मोजा आणि शब्द एका पॅनलमध्ये बसेल एवढा करा. लहान झाला तरी चालेल, पण अखंड राहू दे.

टेम्पो ग्राफिक्स, चाकण

लहान झाला तरी चालेल? मग दुकानाच्या पाटीवर का चालत नाही? तिथे इंचासाठी भांडताय आणि गाडीवर सोडून देताय.

जागा निवडायचं म्हणता, तर मागचा भागही बघा. मालवाहू गाडीच्या मागे लाल परावर्तक पट्टी नियमाने लावावीच लागते, ती झाकता येत नाही. नंबर प्लेट, दिवे, बिजागऱ्या सोडून उरतं ते पत्र्याच्या नागमोडी खाचांचं. तिथे स्वस्तातलं कॅलेंडर्ड व्हिनाइल, म्हणजे चिकटवायची प्लास्टिकची फिल्म, लावलं की काही महिन्यांत आकसून खाचेतून उचलतं, आणि सगळ्यात आधी उचलते ती शिरोरेघच, कारण लांब अरुंद पट्टी तीच. त्याहून महाग कास्ट व्हिनाइल हीट गनने खाचेत बसवून परत तापवलं तर टिकतं, पण त्याच्या किमतीला दहातले दोन मालक तयार होतात. माझ्याकडे शिरोरेघ काढायला हेही कारण आहे.

टिळकवाडीकर, बेळगाव

माप कसं घ्यायचं यावर तुम्ही भांडताय म्हणून आमच्याकडची गोष्ट सांगते. कर्नाटकात २०२४च्या दुरुस्तीनुसार फलकाचा ६० टक्के भाग कन्नड हवा, आणि तोही वरच्या बाजूला. तिथे अक्षराची उंची नाही, क्षेत्रफळ मोजतात. मराठी दुकानदाराला उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी आणि इंग्रजी दोन्ही बसवायचं असतं. बरेच जण मराठीच काढून टाकतात, कारण इंग्रजी काढायला धीर होत नाही.

शिरोरेघ यांचा मुद्दा मला तिथून बघता महत्त्वाचा वाटतो. जागा कमी असली की कोण आधी कापलं जातं, हे आराखडा कुठून सुरू केला त्यावर ठरतं. माझ्या भावाच्या दुकानात त्याने मराठी नाव एका ओळीत, बारीक न करता, घट्ट अक्षरात घेतलं आणि इंग्रजी फक्त काचेवर ठेवलं. गिऱ्हाईक कमी झालं नाही.

मास्तरीण, सोलापूर

माझ्या शाळेतली मुलं पाट्या वाचत वाचत वाचायला शिकतात, म्हणून लिहिते. ताणलेल्या अक्षरात 'श' आणि 'रा' वेगळे ओळखता येत नाहीत. अनुस्वार उठावाचा लावला आणि तो पडला की 'रंग'चा 'रग' होतो आणि वर्षभर तसाच राहतो. अक्षरांना शिरोरेघेचा आधार असतो, पण अनुस्वाराला, चंद्रबिंदूला काही आधार नसतो. तो वेगळ्या खिळीवर उभा असतो आणि सगळ्यात आधी तोच पडतो. पाटी बनवणाऱ्यांनी निदान एवढं बघावं.

शटरवाला, डोंबिवली

ताई, अनुस्वाराचं पटलं. माझ्या पाटीवर 'पंप' आहे, जाऊन बघतो.

शिरोरेघ, तिसरी ओळ काढायला मी तयार आहे, पण दराचं तुम्ही उत्तर दिलं नाही. अंग मोठं केलं की बिल वाढतंच. कायद्यात उद्या तुमचं माप लिहिलं तर डोंबिवलीतल्या प्रत्येक लहान दुकानदाराला पाटी परत करावी लागेल, २०२३ला एकदा केल्यावर.

शिरोरेघ, पुणे

कायद्यात लिहा असं मी म्हणत नाहीये. पाटी जेव्हा नवी कराल तेव्हाचं बोलतोय. आणि बिलाचं म्हणाल तर उठावाची अक्षरं फक्त मराठीची घ्या, इंग्रजी सपाट व्हिनाइलमध्ये कापा. एलईडी आणि अ‍ॅक्रिलिक एकाच नावाचं लागेल. मराठीची दांडी मात्र मॉड्यूल बसण्याइतकी जाड घ्या आणि उठावाच्या अक्षराची आतली खोली कमी करू नका, नाहीतर रात्री अक्षरात दिव्यांचे ठिपके ठिपके दिसतात. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे बालू आणि मुक्ता हे फाँट फुकट मिळतात, त्यातलं बालू तर या कामाला पुरेसं जाड आहे.

प्लॉटर, बार्शी

बालूची शिरोरेघ पण वेल्ड करावीच लागते, एवढं लक्षात ठेवून फाइल पाठवा. देवनागरी आखणीची वेगळी ओळ या महिन्यापासून दरपत्रकात टाकतोय. किती गिऱ्हाइकं ती मान्य करतात ते इथेच कळवतो.