झेड-4 ला कॉइलओव्हर: नाशिकच्या रस्त्यांसाठी पुढे-मागे किती किलोच्या स्प्रिंगा घेऊ?

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे 2012 ची बीएमडब्ल्यू झेड-4 आहे, ई-89 मॉडेल, 35आय, सेकंड हँड घेतलेली. रोज गंगापूर रोड ते अंबड, महिन्यातून दोनतीनदा पहाटे कसारा घाट, कधी वणीमार्गे सापुतारा. ट्रॅकवर न्यायची नाही.

मागच्या वर्षी एका वर्कशॉपमधून नुसत्या लोअरिंग स्प्रिंगा टाकून घेतल्या. गाडी 40 मिमी खाली आली आणि दर खड्ड्याला पुढून 'ठक्' करून थेट कमरेत बसायला लागलं. महिनाभरात मूळ स्प्रिंगा परत बसवल्या. आता शॉकअपही गळायला लागलेत, म्हणून कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) घ्यायचंच आहे. जे किट मिळतंय त्यातली स्प्रिंग पुढे 8 आणि मागे 10 किलो प्रति मिमी आहे, म्हणजे एक मिमी दबायला इतके किलो लागतात. विकणारा म्हणतो, कडक वाटलं तर प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती आवळून ठेवलीय ते) कमी करा, मऊ होईल. बायकोला पाठीचा त्रास आहे, तीही शेजारी बसणार. काय करू?

सातपूरचा सचिन
आधी टायर बघ. रनफ्लॅट (हवा गेली तरी चालणारे) असतील तर अर्धे गचके त्यांचेच आहेत, बाजूच्या भिंती फार ताठ असतात. साधे टायर टाक आणि डिकीत पंक्चर किट व हवेचा पंप ठेव, कारण या गाडीत स्टेपनी नसते. त्यानंतर स्प्रिंगांचं ठरव.

जुना रॅलीवाला
रॅली ऑफ महाराष्ट्र नाशिकच्या आसपास व्हायची तेव्हा मी सर्व्हिस क्रूमध्ये काम केलंय. रॅलीची गाडी दगडासारखी कडक असते असं लोकांना वाटतं. कच्च्या रस्त्यावरची गाडी उलट असते. तिच्या चाकाला वर जायला भरपूर जागा ठेवलेली असते आणि ती जागा सांभाळायला शॉकअप दमदार असतो.

तुझा तो 'ठक्' म्हणजे बंप स्टॉप, शॉकअप दबण्याच्या शेवटी असलेलं रबर. गाडी 40 मिमी खाली आली म्हणजे चाकाच्या वर जाण्यातले 40 मिमी गेले. मग मऊ स्प्रिंगसुद्धा रबरावर आपटते आणि गाडी कडक झाल्यासारखी वाटते. किलो ठरवायच्या आधी जागा मोज. पुढच्या शॉकअपचं धुळीचं रबर वर सरकव, रॉडवर एक झिप टाय घट्ट बांध आणि ती खाली शॉकअपच्या बॉडीला टेकव. मग रोजच्या रस्त्याने एक फेरी मार. टाय जिथे सरकून थांबेल तिथपर्यंत तुझी गाडी दबते.

अंबडचा फोरमन
प्रीलोडचं जे सांगितलंय ते चूक आहे. सरळ रेटच्या (कितीही दबली तरी ताठपणा तोच राहणाऱ्या) स्प्रिंगला वरून कितीही आवळलं तरी 8 किलोची ती 8 किलोचीच राहते. गाडीचा भार पडून ती दबलेली असली की प्रीलोडने फक्त उंची बदलते, किंवा शॉकअपच्या रॉडची जागा.

दुसरं, पुढचे 8 आणि मागचे 10 यांची थेट तुलना होत नाही. पुढे स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र, स्प्रिंग जवळजवळ चाकाइतकीच हलते. मागे स्प्रिंग वेगळी, आर्मवर (चाक धरणाऱ्या दांड्यावर) आतल्या बाजूला बसते. चाक 50 मिमी हललं तर ती त्याहून बरीच कमी दबते. हे प्रमाण काढायचं आणि त्याचा वर्ग करून स्प्रिंगच्या रेटला गुणायचं. चाकाला जाणवणारा रेट तो. असं कर: मागची स्प्रिंग काढून जॅकने चाक 50 मिमी उचल आणि स्प्रिंगच्या दोन बैठकांमधलं अंतर किती घटलं ते पट्टीने माप. आणि गाडी वजनकाट्यावर ने. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. स्वतः आत बसून. छत मागे टाकूनही एकदा तोल, भार मागे सरकतो.

गंगापूररोडकर
दोन्ही कामं केली. एमआयडीसीतल्या काट्यावर अर्ध्या टाकीसह, मी आत: पुढे 780, मागे 830 किलो. छत बंद होतं. मागचं माप: चाक 50 मिमी, स्प्रिंग साधारण 32 ते 33. झिप टाय लावून द्वारका ते पाथर्डी फाटा सर्व्हिस रोडने गेलो, सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी खोदलेलं आहे. पुढे 55 मिमीपर्यंत दबली.

अंबडचा फोरमन
छान, आता नेमकं बोलता येईल. पुढच्या एका चाकावर 390. त्यातून चाक, ब्रेक, हब यांचे अंदाजे 45 वजा केले की 345. मागे तसंच 370. पुढचं प्रमाण स्ट्रटला साधारण 0.95, वर्ग 0.9. मागचं 0.65, वर्ग 0.42.

रस्त्यावरची साधी गाडी सेकंदाला एक ते दीड वेळा हलते. रस्त्यावर चालवायच्या स्पोर्ट्स कारला दीड ते पावणेदोन बरं. दोनच्या पुढे ट्रॅकचा इलाका. किटच्या 8 किलोला तुझी पुढची बाजू 2.28 हर्ट्झ (सेकंदाला तितक्या वेळा) येते. मागच्या 10 किलोला 1.68. म्हणजे आकडा ऐकून भीती वाटते ती मागची स्प्रिंग बरोबर आहे, आणि चुकलीय ती पुढची.

मॉरिस ऑली यांनी 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये दाखवून दिलं होतं की पुढची बाजू मागच्यापेक्षा मऊ हवी. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो. तुझा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) अडीच मीटर, म्हणजे ताशी 60 ला मागचं चाक 0.15 सेकंद उशिरा पोचतं. मागची बाजू जरा जलद हलली तर ती पुढचीला गाठते आणि गाडी सपाट बसते. उलट असेल तर नाक-शेपूट झुलत राहतं, आणि पाठदुखीच्या माणसाला तेच सर्वात वाईट.

माझं मत: पुढे 4, मागे 10. पुढे 1.61, मागे 1.68. मागे 11 घेतली तर 1.77 होईल, ऑलींच्या हिशेबाने ते जास्त नेटकं. पण वहिनींच्या पाठीसाठी मी 10 वरच थांबेन.

घाटवळण
पुढे फक्त 4? कसाऱ्यात गाडी झुकेल.

अंबडचा फोरमन
थोडी झुकेल, आतापेक्षा कमीच. झुकणं रोखायला अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) आहे, मूळचाच ठेवा. फार जाड बार घातला तर एका चाकाचा खड्डा दुसऱ्या चाकाला जातो. घाटात ओल्या, उखडलेल्या वळणावर चाक रस्त्याला चिकटून राहणं झुकण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

एक गोष्ट मात्र नीट वाचा, इथे पुष्कळ लोक फसतात. पुढच्या स्प्रिंगवर भार 345 भागिले 0.95, म्हणजे 363 किलो. 8 किलोची स्प्रिंग उभ्या गाडीत 45 मिमी दबते, 4 किलोची 91. वर खड्ड्याचे 60-70 मिमी धरा, झाले 160. किटमधली स्प्रिंग 180 मिमी लांबीची असली आणि तुम्ही त्याच लांबीची 4 किलोची मागवली, तर वेटोळी एकमेकांवर बसतील आणि मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग लोखंडाचा ठोकळा होईल. लांबी 250 च्या आसपास घ्या आणि त्या स्प्रिंगचा पूर्ण दबण्याचा आकडा विक्रेत्याकडून लेखी मागा. आतला व्यासही बघा, 60, 62 आणि 65 सगळे मिळतात आणि एकाचं दुसऱ्यात बसत नाही. पाउंडात लिहिलेली आली तर 4 किलो म्हणजे 224 पाउंड प्रति इंच.

जुना रॅलीवाला
शॉकअपचं राहिलं. किटचा शॉकअप 8 किलोसाठी भरलेला असेल. रेट निम्मा केला की शॉकअपची लागणारी रोख (हेलकावे थांबवायची ताकद) निम्मी होत नाही, सुमारे 0.7 पट राहते. म्हणून पुढच्या शॉकअपचा कडकपणाचा नॉब पूर्ण मऊ करून सुरुवात कर आणि एकेक क्लिक वाढव. स्पीडब्रेकर उतरल्यावर गाडी एकदाच वर येऊन थांबली की पुरे. लागोपाठच्या खड्ड्यांत गाडी खाली खाली बसत गेली तर रिबाउंड (दबलेला शॉकअप परत उघडतानाची रोख) जास्त झालाय, दोन क्लिक मागे ये. आणि इन्शुरन्स कंपनीला बदलाचं लेखी कळव.

गंगापूररोडकर
सहा आठवड्यांनी अपडेट. पुढे 4 किलो, 250 मिमी, मागे किटचीच 10. उंची मूळपेक्षा फक्त 15 मिमी कमी. साधे टायर टाकले. पुढचा नॉब मऊकडून सहाव्या क्लिकवर आहे, मागचा नवव्यावर. काल बायकोला घेऊन सापुताऱ्याला जाऊन आलो. परतीत वणीच्या अलीकडे ती झोपली होती, या गाडीत पहिल्यांदाच. झिप टाय परत त्याच सर्व्हिस रोडवर तपासली, बंप स्टॉपच्या 12 मिमी अलीकडे थांबली आहे.