जनरेटर सुरूच होत नाहीये, घरी आईचं ऑक्सिजन मशीन आहे, प्लीज सांगा

मनीषनगरकर
नमस्कार. काल संध्याकाळी वादळ आलं त्यात आमच्या गल्लीत तारेवर फांदी पडली अन् लाइट जी गेली ती रात्री दीडला आली. आईला कॉन्सन्ट्रेटर लागतो, पाच लिटरवाला, त्याच्याचसाठी ४ वर्षांआधी छोटा पेट्रोल जनरेटर घेतला होता, रस्सी ओढून चालू व्हायचा. काल ऐनवेळी ढिम्म. कमीत कमी चाळीसदा रस्सी ओढली असेल, हाताला फोड आले. घरात ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला होता म्हणून निभावलं.
आतापर्यंत काय केलं ते सांगतो. टाकीत अर्धं पेट्रोल दिवाळीच्या आधीचं होतं, त्यावर नवीन २ लिटर टाकलं. चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करायची दांडी) लावून पाहिला, काढून पाहिला. स्पार्क प्लग काढून पुसला. जनरेटर मागच्या बोळीत कूलरखाली ठेवलेला असतो, वरून पत्रा आहे म्हणजे पावसाचं पाणी गेलं नाही. आजही आभाळ भरून आलंय हो, मला संध्याकाळच्या आत काहीतरी करायचंय.

हिंगणारोडवाला
भाऊ आधी एकच सांगा, रस्सी आठ-दहादा ओढल्यावर लगेच प्लग काढला तर तो ओला निघतो का कोरडा? ओला अन् पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल जास्त झालंय. तेव्हा पेट्रोलचा कॉक बंद करा, प्लग बाहेर ठेवून चार-पाचदा रस्सी ओढा, थोडा वेळ मोकळं राहू द्या, मग चोक न लावता ओढा. कोरडा असेल तर पेट्रोल वरपर्यंत पोचूनच नाही राहिलं. ह्याच्यावर पुढचं सगळं ठरते, उगाच अंदाजाने सामान बदलत बसू नका.

त्रिमूर्तीनगर_काकू
इंजिन ऑइल पाहिलं का? ह्या मशीनमध्ये ऑइल कमी झालं की सेन्सर ठिणगीच बंद करतो, कितीही ओढा. आमचा उतारावर ठेवला होता, ऑइल होतं तरी एका बाजूला जाऊन सेन्सरला कमी वाटायचं, दोन दिवस त्यातच गेले. सपाट फरशीवर ठेवून मगच बघा.

मनीषनगरकर
काकू, सपाटच आहे, ऑइल तोंडापर्यंत आहे, काळं झालंय पण आहे. दादा, प्लग एकदम कोरडा. ठिणगी पण पाहिली, निळी येते.

हिंगणारोडवाला
मग ऑइलचा सेन्सर अन् ठिणगी देणारी कॉइल दोन्ही ठीक आहेत, ठिणगी आहे म्हणजे तिकडे हात लावायचं कामच नाही. (पुढच्या वेळी ठिणगी पाहताना प्लगच्या भोकाजवळ पाहू नका, पेट्रोलचा वाफारा असतो तिथे.)
तुमचं दुखणं कार्बोरेटरमध्ये आहे, म्हणजे जिथे पेट्रोल अन् हवा मिसळून इंजिनात जाते तिथे. तुम्ही वरून नवीन पेट्रोल टाकलं पण कार्बोरेटरच्या खाली जी वाटी असते तिच्यात अजून दिवाळीचंच बसलंय. आपल्या इकडच्या उन्हात पेट्रोलमधलं हलकं हलकं उडून जाते अन् खाली चिकट राहते, त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते हवेतली ओल धरते आणि पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट खाली बसते. अन् खालीच तर जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून वर सोडणाऱ्या छोट्या नळीचं, बारीक भोक आहे.
असं करा. मशीन थंड आहे ना, कॉक बंद करा. वाटीच्या बुडाला एक बोल्ट असतो, बहुतेक १० नंबरचा पाना लागेल, खाली काचेची बाटली धरून तो सोडा. बाटलीत काय येते ते उजेडात पाहा. मग बोल्ट लावून कॉक उघडा, परत सोडा, आता धार सरळ आली पाहिजे. धार नाही आली तर कॉकची जाळी चोंदली किंवा टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बंद आहे, झाकण सैल करून पाहा. धार आली तरी सुरू नाही झालं तर वाटी खोलून मधला जेट काढा. त्यात सुई किंवा पिन घालू नका, भोक मोठं झालं की मशीन कायम पेट्रोल पीत राहील. वायरीतला तांब्याचा एक बारीक तार घ्या, नाहीतर कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा. अन् टाकीतलं जुनं-नवं मिसळलेलं सगळं काढून टाका, ते वाचवू नका.

महालचा_राजा
प्लगच्या भोकात थोडं पेट्रोल टाकून ओढा ना, लगेच उचलतो, आम्ही तसंच करतो.

हिंगणारोडवाला
त्याने दोन सेकंद चालून बंद पडेल. म्हणजे पेट्रोल येत नाही एवढंच कळेल अन् ते कोरड्या प्लगने आधीच कळलंय. त्यांच्या घरी पेशंट आहे, आगीचा धोका कशाला घ्यायचा.

मनीषनगरकर
दादा बाटलीत खाली पाण्यासारखा वेगळा थर आला, वर पिवळट. जेटच्या भोकातून आरपार काहीच दिसत नव्हतं, तार फिरवली तेव्हा हिरवट मळ निघाला. सगळं लावलं अन् तिसऱ्या ओढीत सुरू झाला!! आई आतून विचारते कसला आवाज, मला तर रडूच आलं. पण चोक पूर्ण काढला की भुर्र करते मग खाली बसते मग परत भुर्र. अर्धा चोक ठेवला की नीट चालते. आता आईचं मशीन लावू का?

हिंगणारोडवाला
नका लावू इतक्यात. आवाज वरखाली होतोय म्हणजे व्होल्टेजही वरखाली होतेय, कॉन्सन्ट्रेटरच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डाला ते सोसणार नाही. छोटा जेट, पायलट म्हणतात तो, अजून चोंदलेला आहे. त्याचं भोक केसाएवढं असते, तिथे तार चालत नाही, क्लीनरच लागेल. एकसारखा आवाज आला की आधी एक बल्ब अन् पंखा लावून दहा मिनिटं पाहा, मग मशीन.

त्रिमूर्तीनगर_काकू
अरे थांब बाळा, सगळ्यात मोठी गोष्ट राहिलीच. तू म्हणाला मागच्या बोळीत, कूलरखाली. कूलर बाहेरची हवाच ओढून घरात फेकतो रे! जनरेटरचा धूर त्या जाळीतून सरळ आईच्या खोलीत जाईल, आणि कॉन्सन्ट्रेटरही खोलीतलीच हवा ओढतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखते, गरगरते, झोपेतल्या माणसाला तेही कळत नाही. चार वर्षं काही झालं नाही असं म्हणू नको, खूप कमी वेळ चालवला असशील. मोकळ्या अंगणात, खिडक्या-दारांपासून लांब, धुराचं तोंड घराच्या उलट्या दिशेला. पत्रा अन् भिंतींमधल्या बोळीत तर नकोच. आणि दोन्हीकडे पिन असलेली वायर करून घरातल्या सॉकेटमध्ये घालू नको, खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतते. जाड वायरचा बोर्ड ओढून थेट मशीन लाव.

मनीषनगरकर
काकू, खरंच लक्षात नव्हतं आलं. मागच्या मे महिन्यात दोन तास चालवला होता तेव्हा आई म्हणाली होती डोकं जड झालंय, आम्ही उन्हामुळे समजलो.
आत्ताच उचलून समोर फाटकाजवळ नेला, खिडकीपासून बराच लांब, वायर नवीन आणली. क्लीनर मारल्यावर चोक पूर्ण काढूनही एकसारखा चालला, बल्ब-पंख्यावर पंधरा मिनिटं पाहिला, मग कॉन्सन्ट्रेटर लावला, त्यावर लिटर बरोबर दाखवते. ऑइल उद्या बदलतो. सिलिंडरवाल्याला फोन करून दुसरा भरलेला पण मागवलाय. एक विचारायचं होतं दादा, आता पेट्रोल काढून ठेवू की महिन्यातून एकदा चालवू?

हिंगणारोडवाला
तुमच्याकडे कधी लागेल सांगता येत नाही, तर काढून नका ठेवू. पंधरा दिवसांनी एकदा पंख्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवा, अन् बंद करताना स्विचने नाही, कॉक बंद करून. वाटीतलं संपून आपोआप बंद पडू द्या. दोन महिन्यांनी टाकीतलं गाडीत टाका अन् ताजं भरा. भरताना मशीन बंद अन् थंड.