थेरपीने आत्मविश्वास खरोखर वाढतो का?

कृष्णाकाठ:
मी ३७ वर्षांची असून एका सहकारी बँकेत शाखाधिकारी आहे. ठेवी, थकबाकी, वसुली यांचे आकडे मला तोंडपाठ असतात. मात्र मासिक आढावा बैठकीत माझ्या शाखेचे नाव पुकारले की घशाला कोरड पडते, हातातला कागद थरथरू लागतो आणि मी तो शेजारी बसलेल्या सहकाऱ्याकडे सरकवून त्यांनाच वाचायला सांगते. आत्मविश्वास वाढवण्याच्या दोन शिबिरांना जाऊन आले. तिथे आरशासमोर उभे करून ‘मी करू शकते’ असे म्हणायला लावले. त्याचा परिणाम पुढच्या बैठकीपर्यंतही टिकला नाही. आता मैत्रीण थेरपीचा आग्रह धरते आहे. पैसे मोजून कोणाशी तरी बोलल्याने स्वतःवरचा विश्वास कसा काय निर्माण होतो, हे कोणी सांगू शकेल का?

रातराणी:
स्वतःचा अनुभव सांगते. माझा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे आणि दुकानदारांकडे थकलेले पैसे मागण्याची मला धास्ती वाटत असे. पहिल्या सत्रात धीराचे एकही वाक्य ऐकायला मिळाले नाही, याचा मला रागच आला होता. थेरपिस्टने एक वही करायला सांगितली: फोन करण्यापूर्वी डाव्या पानावर काय होईल असे वाटते आणि त्याची शंभरपैकी किती खात्री आहे ते लिहायचे, फोन झाल्यावर उजव्या पानावर जे घडले तेवढेच लिहायचे. डावीकडे ‘झिडकारतील, ९०’ आणि उजवीकडे ‘गुरुवारी देतो म्हणाले’ अशा नोंदी साठत गेल्या. एकाने खरोखरच झिडकारले. तरीही त्यानंतर मी पुढच्या दुकानाला फोन लावला होता, आणि पुढच्या सत्राचा बहुतेक वेळ आम्ही त्या एकाच नोंदीवर घालवला.

जुना मास्तर:
रातराणी यांच्या वहीमागे ठोस विचार आहे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये स्वक्षमतेची, म्हणजे एखादे काम आपल्याला जमेल या विश्वासाची, कल्पना मांडताना तिचे चार स्रोत सांगितले: स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणे, इतरांनी दिलेले प्रोत्साहन आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यांत सर्वांत भक्कम पहिला. शिबिराने आपल्याला केवळ तिसरा दिला, म्हणून तो टिकला नाही, असे मला वाटते. कागद सरकवल्याने आपल्याला तात्पुरते हायसे वाटते खरे, पण आपला अंदाज चुकीचा होता हे कळण्याची संधीच त्यामुळे हातची जाते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा तरुणपणीचा किस्सा या संदर्भात आठवतो. स्त्रियांशी बोलायला घाबरणारा हा १९ वर्षांचा तरुण १९३३ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात ठरवून शंभरेक अनोळखी स्त्रियांशी बोलला. त्यातून भेट एकच ठरली आणि ती बाईही आली नाही. भीती मात्र ओसरली. पुढे आरईबीटी ही अविवेकी विचार तपासून बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती मांडताना त्यांनी एक इशारा दिला, जो मला बांडुरांच्या मांडणीइतकाच मोलाचा वाटतो: काम जमले म्हणून आपण थोर आणि फसले म्हणून नालायक, असे माणसाचे मोजमाप करूच नये. आपला आवाज कापला तर आवाज कापला. शाखाधिकारी म्हणून आपली किंमत त्याने ठरत नाही.

पानगळ:
व्यवहाराचे थोडे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाणार असाल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. आधी फोनवर बोलून पाहायचे असल्यास टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.

कृष्णाकाठ:
सर्वांचे आभार. कागद सरकवण्याविषयी जे लिहिले आहे ते वाचून जरा ओशाळले, कारण गेली चार वर्षे मी त्यालाच युक्ती समजत होते. बुधवारची वेळ घेतली आहे. वही आधीच सुरू करावी की त्यांना विचारून?

रातराणी:
विचारूनच करा. मात्र येत्या बैठकीत निदान थकबाकीचा आकडा तरी स्वतः वाचा.