प्रति: नीतिशास्त्राचा पेपर म्हणजे नुसते सुविचार?
वर कुणीतरी म्हटलंय, चार सुविचार पाठ केले की जीएस-४ (सामान्य अध्ययनाचा चौथा, म्हणजे नीतिशास्त्राचाच पेपर) निघतो. अर्धवट पटलं. यूपीएससीत २०१३पासून असलेल्या या २५० गुणांच्या पेपरात जवळपास निम्मे गुण केस स्टडीचे (प्रसंग देऊन 'तुम्ही काय कराल' विचारणारे प्रश्न), आणि तिथे गांधीजींचं वचन टाकून भागत नाही.

राज्यसेवावाल्यांनी (एमपीएससी देणाऱ्यांनी) तरी आपला, महाराष्ट्राचा, बदल्या आणि दप्तर दिरंगाईचा (सरकारी कामातल्या विलंबाचा) २००५चा कायदा वाचाच (क्लासच्या नोट्स त्यानंतर!). कुठल्याही कर्मचाऱ्याने फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. आता साहेब तोंडी म्हणाले, 'राहू दे जरा', तर कारकुनाने काय करायचं? फाइलवरच्या टिपणीत काय लिहायचं? उत्तर या पातळीवर उतरलं पाहिजे. 'मी प्रामाणिक राहीन' हे सगळेच लिहितात.