मदत हवी आहे: धरण फुटलं की गेम गोठतो

मंडळी, लातूरहून विचारतोय. सिम्युलेशन गेममध्ये आपल्या मांजरा धरणासारखं धरण बांधलंय. फोडलं की स्क्रीन थिजते, आवाज मात्र चालू! उन्हाने म्हणावं तर पहाटेही तेच. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकच कोअर १०० टक्के, बाकीचे सात पारावर बसल्यासारखे निवांत. ग्राफिक्स कार्डही रिकामंच. दुकानदार म्हणतो नवीन कार्ड टाका. मला नाही पटत.

फुटलेल्या धरणाचे ५०० तुकडे एकमेकांवर आदळतात का हे तपासायचं तर १,२४,७५० जोड्या, आणि सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशोबाने एका फ्रेमला हातात जेमतेम १६.७ मिलिसेकंद. या फिजिक्सच्या गणिताची एक पायरी हुकली की पुढच्या फ्रेमला दोन, मग तीन... उसाच्या बिलासारखी थकबाकी वाढतच जाते.

फिजिक्सचा टाइमस्टेप (एका पायरीत किती वेळ पुढे सरकायचं ते) बदलून फरक पडतो का, की तुकडेच कमी करू? कुणी करून बघितलंय का?