'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाई नेमक्या कुठे बदलतात?

रेवा_वाचते
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून रात्री जेवणं झाली की मी तिला लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवते. त्यावरून आमचं रोज वाजतं. 1895 मध्ये लक्ष्मीबाईंचे यजमान, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई बहिणीच्या आधाराने वेगळ्या राहिल्या, पुढे नवऱ्याकडे आल्या तरी स्वयंपाकपाणी निराळं ठेवलं, आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. माझ्या मते खरं वळण तेच. आई म्हणते, "तो नुसता शिक्का गं, सोवळं सुटलं तिथेच बाई बदलली." तुम्हाला काय वाटतं? 'आत्मशोधाचा प्रवास' वगैरे नको हं, मलपृष्ठावर ते पुष्कळ असतं.

ओसरी
माझं मत आईंना. बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुवून घेणाऱ्या वडिलांच्या घरात ही मुलगी वाढली. अशा माणसाला एकवेळ देव बदलता येईल, पण दुसऱ्याच्या हातचं पाणी घशाखाली उतरत नाही. आमच्याकडे आजीने टिळे-माळा कधीच सोडल्या होत्या, पिण्याचा माठ मात्र शेवटपर्यंत कुणाला शिवू दिला नाही.

केळीबाग
थोडं विषयांतर. मी खानदेशातला, त्यामुळे आमच्याकडच्या भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' ही कादंबरी आठवणारच. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, होस्टेलवर नाही नाही ते उद्योग करतो, वडिलांचे पैसे उडवतो आणि हात हलवत गावी परततो. कमाई शून्य. पण धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते ती पानं वाचा. तोवर जगाची टवाळी करणाऱ्याला तिथे टवाळी सुचत नाही. त्यानंतर तो शहाणा होतो म्हणाल तर तेही नाही. कादंबरीतल्या माणसाने शेवटी सुधारलंच पाहिजे ही अपेक्षा मला शाळेतल्या बक्षीस समारंभासारखी वाटते.

जुना_अंक
रेवाताई, लिहिलंय कधी तेही बघा. पहिला भाग 1934 चा, म्हणजे लक्ष्मीबाई पासष्टीच्या आसपास, टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झालेली. 1895 मध्ये रडून अर्धी झालेली बाई आणि ते रडणं मिश्कीलपणे सांगणारी बाई एकच कशी? सोवळ्याच्या गोष्टी सांगताना ती वडिलांना हसते, नवऱ्याच्या लहरींना हसते, स्वतःलाही सोडत नाही. वळण कुठल्या पानावर आहे हे शोधण्यापेक्षा तो सूर ऐका, पहिल्या पानापासून आहे. आणि ज्या नवऱ्याने लिहावाचायला शिकवलं, त्याचं ख्रिस्तावरचं अपुरं काव्य 'ख्रिस्तायन' पुढे तिनेच पुरं केलं. बाप्तिस्म्यापेक्षा मला ते मोठं वाटतं.

रेवा_वाचते
आईला सगळं वाचून दाखवलं. ओसरींवर खूश आहे. जुना_अंक यांचं ऐकून म्हणाली, "मग पहिल्यापासून परत वाच." 'कोसला'चंही विचारलं, तर बापाचे पैसे उडवणारा पोरगा तिला रात्री झोपताना नकोय.